तांड्याची डोकी संथ आहेत म्हणे

"बघू या, तांड्यातल्या डोक्यात काही हलतं का," सर म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले.

डोकं माझं होतं. त्यावर रबरी पट्ट्यांची टोपी करकचून आवळलेली. पट्ट्यांखाली बटणांएवढ्या धातूच्या चकत्या, प्रत्येक चकतीला एक वायर, आणि केसांत पांढरी चिकट पेस्ट. मेंदूच्या लाटा टिपणारं मशीन नवीन आलं होतं. ते चालतं का हे बघायला कुणाचं तरी डोकं हवं होतं. समोर गावातली बडी मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. सरांनी हातातल्या पेन्सिलीनं माझ्या कवटीवर टकटक केलं. बाजारात नारळ घेताना करतात तसं. पडद्यावरच्या रेघा थरथरल्या.

"हलतंय, हलतंय. म्हणजे अगदीच रिकामं नाही."

पुन्हा हशा. मीही हसले. त्या दिवशी माझ्याजवळ हसण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

पेस्ट धुवायला आतल्या मोरीकडे निघाले तर दत्ता दार अडवून उभा. दत्ता म्हणजे सरांचा मदतनीस, त्याच गावचा.

"तू भायेर हापशावर जाय. इथं पाव्हण्यासाठी पाणी भरून ठिवलंय."

एम.एस्सी. झालेली बाई मी. संख्याशास्त्रात पहिला वर्ग. हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या देखत, वाकून हापशाखाली डोकं धरलं. पेस्ट निघता निघत नव्हती. नखांनी ओरबाडून काढली. टाळू सोलली.

माझा तांडा वारंगा फाट्यापासून आडवाटेला, माळावर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडले. मग सरकारनं आमच्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. माझ्या आज्याला पोलीस पाटलाच्या दारात हजेरी द्यावी लागायची. बा, म्हणजे माझे वडील, शेती करतात. घरी आम्ही गोरबोली बोलतो. आईला याडी म्हणतो. नव्वदच्या दशकात मी शाळेत जायला लागले तेव्हा मास्तर मला मागे बसवून म्हणायचे, "तू कशाला गणिताचं घेऊन बसतीस? तुमाला मोजाया कोंबड्या तर हाईत." मी गणितच घेतलं. शेवटपर्यंत तेच घेतलं.

सर मोठ्या शहरातल्या एका कॉलेजातले. वेगवेगळ्या जमातींच्या मेंदूच्या लाटांवर त्यांचं संशोधन. आखाडा बाळापूरच्या अलीकडे, हायवेवरच्या एका गावात त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. त्यांच्या हाताखाली मी पीएच.डी.ला लागले. मला वाटलं, माझं गणित बघून घेतलं. तसं नव्हतं. मी मधे नसते तर तांड्यातली एकही बाई त्या खुर्चीत बसली नसती. मी घरोघर गेले. दारात बसून सांगितलं, काकी, काही दुखत न्हाई, डोळे मिटून बसायचं नि लाटा टिपून घ्यायच्या. माझ्या शब्दावर बायका आल्या. पुरुष आले. गावातल्या शेतकरी घरांतली माणसंही आली. त्यांना खुर्ची आणि चहा. तांड्याची माणसं पडवीत जमिनीवर, उन्हात, आपली पाळी येईपर्यंत.

सरांचा निष्कर्ष माणसं तपासायच्या आधीच तयार होता. जागेपणी संथ लाटा जास्त दिसल्या की मेंदू सुस्त, असं ते म्हणायचे. तांड्याची डोकी संथ निघणार, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. माझं काम एवढंच की आकड्यांनी ते शाबीत करायचं. माझ्या आज्याची हजेरी दारात व्हायची. माझ्या याडीची आता कवटीच्या आत होणार होती.

मी शिकत होते. जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश. लोडशेडिंग असायचं, वीज आली की कॉम्प्युटरवर तुटून पडायचं. थरथरत्या रेघांतून संथ लाट किती, वेगवान किती, हे वेगळं काढायचं. डोक्यावरच्या प्रत्येक जागेचं वेगळं. मग तांड्याची सरासरी एकीकडे, गावाची दुसरीकडे. दोन सरासऱ्यांत फरक निघणारच. एकाच शेताच्या दोन वाफ्यांतही निघतो. तो फरक खरा की योगायोगाचा, हे ओळखायचं शास्त्र मी शिकत होते. आणि सांगते, त्याची मला नशा चढली होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी हातात आलं होतं जे बोलणाऱ्याची जात न विचारता तो खोटं बोलतो का ते सांगायचं.

एकदा मी विचारलं, "सर, आपण इतक्या जागा, इतके वेग तपासतोय. अंधारात इतके दगड भिरकावले की एखादा कुणाला तरी लागणारच. त्याची वजावट करायला नको का?"

त्यांनी तेच जाडजूड पुस्तक उचललं आणि माझ्या कानशिलावर हाणलं.

"काल शेण थापत होतीस. आज मला शिकवतेस?"

कानात शिटी वाजायला लागली. दत्ता खिदळला. मी पुस्तक खाली पडलं होतं ते उचललं, दुमडलेली पानं सरळ केली. संताप इतका होता की दातांनी जीभ फुटली. रक्त गिळलं आणि पुढचं पान उघडलं.

त्या पुस्तकात एक पद्धत होती. अगदी साधी. प्रत्येक माणसाच्या आकड्यांवर 'तांडा' किंवा 'गाव' अशी चिठ्ठी लावलेली असते. त्या सगळ्या चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, टोपलीत घालून ढवळायच्या आणि डोळे मिटून परत वाटायच्या. कुणालाही कुठलीही. मग पुन्हा सरासऱ्या काढायच्या. कॉम्प्युटर हे हजारो वेळा करतो. अशा आंधळ्या वाटपातही खऱ्याएवढा फरक वरचेवर येत असेल, तर चिठ्ठीला काही अर्थ नाही. मी ते वाचलं आणि अंगावर काटा आला. माणसाच्या कपाळावरची जात उचकटून काढायची, ढवळायची आणि मग बोला काय बोलायचं ते! मला वाटलं, आता बघते तुमच्याकडे.

मी चिठ्ठ्या ढवळल्या.

फरक गेला नाही. पुन्हा ढवळल्या. वेगळ्या तऱ्हेनं केलं. तांड्याच्या डोक्यांत संथ लाटा जास्त, आणि योगायोगानं एवढा फरक जवळजवळ येतच नव्हता. मी टेबलावर मूठ आपटली. इतकी आपटली की करंगळी सुजली. ज्या हत्याराला मी आपलं समजत होते, ते सरळ माझ्या याडीच्या छाताडावर चालून आलं.

संध्याकाळी तांड्यावर गेले. याडी चुलीपुढे बसली होती. तिनं विचारलं, "काहून तोंड पाडून बसलीस?" मी तिच्याकडे बघितलं. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, मनात आलं, खरंच असेल का? ही माझी आई, खरंच मंद असेल का? त्या एका क्षणासाठी मी सरांना जन्मात माफ करणार नाही. त्यांनी मला मारलं ते मी विसरेन. पण माझ्याच डोळ्यांत शिरून त्यांनी माझ्या आईकडे बघितलं.

याडी जाळ सारायला वाकली. तिच्या गालांच्या दोन्ही बाजूंनी घुगरी हलली.

नवरा हयात असलेली आमची बाई कानांजवळच्या वेण्यांत चांदीची घुगरी बांधते. चांगली वजनदार. लग्नात बांधतात आणि नवरा गेला की उतरवतात. मधल्या काळात ती बाई घुगरीसकट झोपते, घुगरीसकट खपते. याडीच्या वेण्या त्या वजनानं ताणलेल्या होत्या. ती मान हलवायची, श्वास घ्यायची, तसतशी कानावरची कातडी बारीक ओढली जायची. आणि सरांच्या संथ लाटा सगळ्यात मोठ्या कुठं होत्या? कानांजवळच्या चकत्यांवर.

मी जेवले नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाले.

कॉम्प्युटरला सांगितलं, तांडा विसर, गाव विसर. घुगरीवाल्या बायका एकीकडे, बाकी सगळं जग दुसरीकडे. फरक सगळा तिथंच सापडला. आमची विधवा काकी, जिची घुगरी कधीच उतरली होती, तिच्या रेघा गावातल्या पाटलीणबाईंसारख्या. तांड्यातल्या पुरुषांच्या तशाच. बिनलग्नाच्या पोरींच्या तशाच. घुगरीवाल्या बाजूला काढल्या आणि पुन्हा चिठ्ठ्या ढवळल्या, तर तांडा आणि गाव वेगळे ओळखूच येईनात. मशीननं मेंदू मोजलाच नव्हता, चांदी मोजली होती. खात्री करायला मी स्वतःच्या वेण्यांत खोल्यांच्या किल्ल्यांचे जुडगे बांधले, टोपी चढवली आणि बसले. माझ्याही डोक्यात लाटा आल्या. मोठ्या, संथ, डुलत्या. मी एकटीच मोठ्यानं हसले, मग रडले.

सरांना सगळं दाखवलं. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

"घुगरीवाल्या वगळल्या तर माझ्याकडे उरतं काय?" ते म्हणाले.

"काही नाही उरत, सर."

"मग घुगरी काढायला लाव आणि पुन्हा रेकॉर्ड कर. तुझ्या आईपासून सुरू कर."

"माझे वडील जिवंत आहेत. ती काढणार नाही. कुणीच काढणार नाही. त्यापेक्षा उलट करा. वजन दुसऱ्या कुणाच्या केसांत बांधा. दत्ताला केस नाहीत, मग तुमच्याच..."

पुढचं तोंडातच राहिलं. थोबाडीत बसली. मी भिंतीवर आदळले.

"माझ्या डोक्यात तुमचे दागिने? लायकी बघ तुझी."

दोन दिवस मी गेले नाही. गाल काळानिळा होता. याडीला सांगितलं, बसमधे पडले. तिसऱ्या दिवशी गेले आणि पडवीत बा बसलेले दिसले. गुडघ्यांत काठी, पायाजवळ चपला. मी विचारलं, तुमी इथं काहून?

"तू निघालीस नि मागून जीप आली. तुझ्या सायबानं बोलावलं. तुझ्या याडीचं डोकं दुखतं न्हाई का, त्याच्यावर औषध देणार म्हणला. तुला ठाव न्हाई?"

आतून याडी किंचाळली.

मी धावले. याडी खुर्चीत. दत्तानं मागून तिचे दोन्ही दंड धरलेले. ती पाय झाडत होती, खुर्ची फरशीवर करकरत होती. सर तिच्यावर वाकलेले, हातात पट्ट्या कापायची कात्री. याडी आमच्या बोलीत ओरडत होती, माझा मालक जिता हाय, भायेर बसलाय, नका रे. सरांना बोली कळत नव्हती. कळली असती तरी कात्री थांबली नसती.

एका बाजूची वेणी कापली गेली. केसांसकट घुगरी फरशीवर पडली.

याडीनं खाली बघितलं. मग तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी तांड्यावर मयताला ऐकला होता. नवरा मेल्यावर बाई काढते तो आक्रोश. गळा काढून, छाती पिटून. दत्तानं घाबरून हात सोडले. आणि पडवीत बसलेल्या माझ्या बापानं, धडधडीत जिवंत माणसानं, आपल्या नावाचं रडणं ऐकलं.

बा काठी घेऊन आत आले. पहिला फटका दत्ताच्या खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत जीपच्या ड्रायव्हरनं मागून कव घालून धरलं. दोघांनी मिळून बांना खाली पाडलं. लाथा घातल्या. पोटात, बरगड्यांवर. म्हातारं माणूस, तोंडातून फेस. याडी दोघांमधे पडली तर तिलाही लाथ बसली.

सर कात्री टेबलावर ठेवून हात पुसत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, अगदी शांतपणे म्हणाले, "इलेक्ट्रोड लाव. रडणं थांबलं की रेकॉर्ड घे. आता स्वच्छ येईल."

सगळ्या वायरी ज्यात येऊन मिळतात ती पेटी खुर्चीच्या बाजूला लटकलेली होती. जड, कोपऱ्यांना पत्रा. मी ती उपसली. वायरी तटातट तुटल्या. दोन्ही हातांनी फिरवली आणि त्यांच्या तोंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. ते कोपऱ्यात जाऊन पडले. नाकातून रक्ताची धार. मी पुन्हा उचलली. ड्रायव्हर बांना सोडून मागे सरला.

"ऊठ," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. "ऊठ आणि सांग, कुणाचं डोकं संथ चालतं ते."

ते उठले नाहीत.

ठाण्यात त्यांची तक्रार आधी लिहून घेतली. याडीची घेतलीच नाही. "केसच कापले ना बाई? पुन्हा येतात," जमादार म्हणाला. मला आत बसवलं. तिथल्या बाई पोलिसानं केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, म्हणाली, डॉक्टरावर हात टाकतीस? तांड्यावरची माणसं ठाण्यापुढे येऊन बसली. ऊन डोक्यावर आलं तरी हलली नाहीत, तेव्हा मला सोडलं. खटला अजून चालू आहे.

बांच्या दोन बरगड्या मोडल्या. बाकी ते ठीक आहेत. चालतात, तंबाखू खातात, माझ्यावर ओरडतात. याडीची घुगरी मी फरशीवरून उचलून आणली होती. तिनं ती परत बांधू दिली नाही. बायकांनी समजावलं, काकीनं पाय धरले. ती म्हणते, एकदा उतरली ती उतरली. नवरा शेजारी जेवायला बसलेला आणि ती एका अंगानं विधवा. कुणाशी फारसं बोलत नाही. मला ते सहन होत नाही, आणि सहन व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

मागच्या महिन्यात दत्ता तांड्यावर आला. वेशीबाहेरच उभा राहिला, आत यायची छाती झाली नाही.

"सायबाचा निरोप हाय. माफी लिहून दे, केस मागं घेतील. डिग्री बी देतील. हिंगोलीला त्यांचं भाषण हाय, त्या कामात तुझं नाव बी टाकतील. बराबर इचार कर. सगळं आयुष्य पडलंय तुझं."

तांड्याच्या माणसाचंच नाव खाली असलं की कोण शंका घेणार? एवढ्यासाठी हवं होतं माझं नाव. मी पाच वर्षं जिच्यासाठी घासलं ती पदवी आणि माझ्या आईच्या डोक्यावरचा शिक्का, दोन्ही एका सहीत. मी दत्ताला विचारलं, "बांना लाथ कोणत्या पायानं घातलीस?" तो आल्या वाटेनं परत फिरला.

हिंगोलीच्या सभागृहात मी मागच्या रांगेत बसले. डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक. पडद्यावर दोन डोक्यांची चित्रं, एक निळं, एक कानांपाशी लालभडक. सरांचं नाक वाकडं झालंय. आवाज तसाच. "या समाजाच्या मेंदूत मुळातच एक संथपणा दिसतो," ते म्हणाले. लोक वहीत लिहून घेत होते.

मी उभी राहिले. "मेंदूत नाही. कानांजवळ वजनदार चांदी बांधलेली असते, तिच्या ओढीनं ती लाट येते. त्या बायका वगळा, फरक राहत नाही. हे यांना माहीत आहे. मीच दाखवलंय."

अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोणत्या संस्थेच्या?"

"कोणत्याच नाही. ते लाल डोकं माझ्या तांड्याचं आहे आणि गणित मी केलंय."

कुणीतरी म्हणालं, बाईला बाहेर काढा. दोघांनी दंड धरले. मी खुर्चीला पाय अडकवले. बोलत राहिले. चिठ्ठ्या कशा ढवळायच्या, काकीच्या रेघा कशा आल्या, किल्ल्या बांधून काय झालं, सगळं ओरडून सांगितलं. पायऱ्यांवरून खाली ढकललं. कोपर फुटलं. दार लावून घेतलं तरी मी दारावर मुठी मारून सांगत होते. आत टाळ्या वाजल्या. पण टाळ्यांच्या आधी एक तरुण डॉक्टर उठून विचारत होता, त्या बायका वगळून पाहिल्या का, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याला खाली बसवलं.

सरांचं पुढचं भाषण नांदेडला आहे. मी जाणार आहे. त्याच्या पुढचं जिथं असेल तिथंही जाणार आहे, आणि एकटी जाणार नाही. काकी येते म्हणालीय. पदवी मला नको. पण ते शास्त्र माझं आहे, ते मी सोडणार नाही. ज्या ज्या कागदावर आमच्या डोक्यांबद्दल असं काही छापून येईल, त्यातला प्रत्येक आकडा मी सोलून काढीन, त्यांच्याच सभेत, त्यांच्याच माणसांपुढे. त्यांनी हाकललं तर पायरीवर बसून मोजीन. पोलीस आणले तर पोलिसांपुढे मोजीन. मारामारी मला करायची नाही, मला हिशोब मांडायचाय. मात्र पुन्हा कुणी माझ्या आईच्या डोक्याला हात लावला, तर त्या वेळी मी मोजत बसणार नाही.